ओली खळ

हात दिव्याच्या खांबावर टेकला आणि चिकटला. डॉक्टर ल्युबेन मिंचेव खांबाला टेकले ते चक्कर आली म्हणून नव्हे. चक्कर येईल की काय, असं वाटलं म्हणून. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या दोहोंतला फरक त्यांना नीट कळत होता, आणि आज सकाळपासून ते जणू त्या फरकाच्या कडेकडेनेच चालत होते. मंडईतून पाव घेतला होता. मंडईच्या मागच्या टोकाला शेवटच्या लाल मिरच्यांचे ढीग उरले होते, बायका त्या उलट्यासुलट्या करून पाहत होत्या, आणि त्या वासाने, का गर्दीने, का बॅगेतल्या त्या कागदांमुळे, छातीत काहीतरी हलकं होऊन वर आलं होतं. म्हणून खांब. आणि पंजाखाली गार, बुळबुळीत काहीतरी. हात सोडवून पाहिला तर तळव्यावर काळपट डाग, आणि खांबावर त्यांच्या पाच बोटांच्या ठशाखाली एका माणसाचा पुसट झालेला चेहरा. टोपी, मिशा, आणि वर ठळक अक्षरांत: पस्तीस वर्षं तुझ्याविना.

"अहो, हात! दिसत नाही का, ओली आहे खळ!"

बाई खांबाच्या पलीकडे होती. बुटकी, अंगात पुरुषी कोट, एका हातात दह्याचा रिकामा डबा, दुसऱ्यात रंगाऱ्याचा ब्रश. काखेत कागदांची गुंडाळी, आणि प्रत्येक कागदावर हाच टोपीवाला. बल्गेरियातल्या या प्लोवदिवमध्ये मेलेला माणूस एकदम जात नाही. चाळीस दिवसांनी असा कागदावर परत येतो, सहा महिन्यांनी येतो, मग दरसाल येतो. घराच्या दारावर, झाडाच्या बुंध्यावर, बसथांब्याच्या काचेवर. मिंचेव आयुष्यभर या चेहऱ्यांच्या मधून चालत कामाला गेले होते. त्यातले काही त्यांचेच पेशंट असत. ते वाचत नसत. वाचायचं नाही, ही सवय त्यांनी तरुणपणीच लावून घेतली होती.

"माफ करा," ते म्हणाले. "पुसला गेला चेहरा."

"जाऊ द्या. आणखी आहेत." तिने ब्रश डब्यात बुडवला, दुसरा कागद पहिल्यावरच चढवला. "चिकटपट्टी उन्हाने सुटते. मी मैद्याची खळ शिजवते घरी. पाऊस येवो, काही येवो, वर्षभर माणूस हलत नाही." मग ती थांबली, मान तिरकी करून बघू लागली. "तुम्ही मिंचेव ना? हृदयवाले?"

"हो."

"मी त्रेंदाफिला. वाल्चानोवा. हा माझा पेन्यो. तंबाखूच्या गोदामात होता. तुमच्याकडेच होता झटका आला तेव्हा. आठवतोय?"

"आठवतो."

"खोटं बोलताय. कसा आठवेल? शेकडो माणसं तुमची." ती हसली, राग नव्हता. "पण तुम्ही त्याच्याशी फार चांगलं बोललात. म्हणालात, वाल्चानोव, डोंगरात जा, गरम पाण्यात बस. तिथून आलेला माणूस शंभर वर्षं जगतो. सॅनेटोरियमचं कार्डही काढून दिलंत. पहिल्या तुकडीच्या पाळीचं."

"मग?"

"मग काय. मिरच्या आल्या होत्या." ब्रश कागदाच्या कडेवरून सावकाश फिरला. "बाल्कनीत पोती उभी. म्हटलं, एवढ्या भाजून, सोलून, बरण्यांत भरून होऊ देत, मला एकटीला नाही उरकायच्या. दुसऱ्या पाळीला जा. गेला बिचारा युनियनच्या हापिसात, कार्ड बदलून आणलं. बॅग भरून दारात ठेवली. नव्या रबरी चपला घेतल्या, पाण्यात घालायला. आणि पाळी यायच्या आधीच एका सकाळी, बरणीचं झाकण पिरगाळता पिरगाळता..." तिने खळीचा एक ओघळ अंगठ्याने पुसला. "मिरच्यांपायी नवरा घालवला मी, डॉक्टर. तेव्हापासून घरात एक मिरची भाजलेली नाही. शेजारपाजारचे भाजायला लागले की मी खिडक्या लावून घेते."

आता बोलायला हवं होतं. त्यांच्या बॅगेत, पावाच्या शेजारी, त्यांची जुनी विद्यार्थिनी झोर्नित्सा हिचे कागद होते. त्यात नेमकं या बाईसाठीचं वाक्य होतं, जरी ते तिच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. मिंचेवांनी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला लागली, तिथेच राहिली. तळहातावरची खळ गार पडून आवळू लागली होती.

"माझी बस आली," ते म्हणाले.

आणि खरोखरच आली होती, हे त्यातल्या त्यात बरं.

बसमध्ये खिडकीजवळ बसल्यावर त्यांनी रुमालाने तळवा पुसला. डाग निघाला नाही, रुमालाचे धागे मात्र त्याला चिकटले. पेन्यो वाल्चानोव. त्यांनी चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि आठवली ती फक्त टोपी, जी त्यांनी आत्ताच पाहिली होती. त्या वर्षांत वॉर्डात शिरलं की तंबाखूचा वास असलेली माणसं रांगेने पडलेली असत, आणि मिंचेव, त्रेचाळीस वर्षांचे, सडसडीत, वेगात चालणारे, प्रत्येकाच्या पायथ्याशी थांबून एकच गोष्ट सांगत: डोंगरात जा. ते मनापासून सांगत. त्यांनी पाहिलं होतं ना. डोंगरातून परत आलेली माणसं तपासायला येत, गाल लाल, मुठी घट्ट, येताना मधाची बरणी आणणारी. न गेलेली माणसं येत नसत. पुढे सगळं नीट मांडलं, दोन रेषा काढल्या, गेलेल्यांची एक आणि न गेलेल्यांची एक. दोन्ही एका बिंदूतून निघाल्या आणि लगेच एकमेकींपासून फाकल्या, वरची संथ, खालची घसरत. त्या दोन रेषांच्या मधल्या जागेत मिंचेवांचं उरलेलं आयुष्य बसलं. त्या जागेवर ते विभागप्रमुख झाले, परदेशी गेले, बायकोला, मेरीला, पहिल्यांदा समुद्रावर नेऊ शकले. मेरी चिडली की म्हणायची, तुझ्या दोन रेषांत मला जरा जागा दे. तो आलेख अजूनही डोंगरातल्या त्या सॅनेटोरियमच्या जिन्यात काचेमागे टांगलेला आहे. पुढच्या वसंतात तिथे स्नानगृहाची नवी इमारत उभी राहायची होती आणि तिच्यावर त्यांचं नाव कोरायचं ठरलं होतं.

आणि मग झोर्नित्सा दोनेवा आली. उन्हाळ्यात, त्यांच्या स्वयंपाकघरात, कोटाच्या खिशात सूर्यफुलाच्या बिया घेऊन. ती कॉलेजात असल्यापासून तिच्या खिशात बिया असत. विचार करताना दातांत एकेक फोडायची आणि टरफलं दुसऱ्या खिशात टाकायची. परीक्षेच्या हॉलमध्ये तिच्या बाकाखाली कधी कचरा सापडला नाही. मिंचेवांच्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसून तिने एकदा विचारलं होतं, सर, हे औषध घेणारे जास्त जगतात की जगणारे औषध जास्त घेतात? वर्ग हसला होता. मिंचेवही हसले होते. घरी जाऊन मात्र मेरीला म्हणाले, एक पोरगी आहे, ती आमच्या सगळ्यांच्या खुर्च्या तपासणार आहे एक दिवस, पाय पक्के आहेत का म्हणून. मेरी म्हणाली, मग तिला नीट जेवायला घाल.

पोरगी म्हणायचं तरी कशाला, पंचेचाळिशीची बाई. तिचं काम साधं आहे असं कुणालाही वाटेल. कुठलेही जुने कागद हातात आले की ती आधी ते उघडत नाही. आधी कोऱ्या कागदावर लिहिते: माझ्या हातात सगळं असतं तर मी कुठला प्रयोग केला असता? कुणाला आत घेतलं असतं, कुणाला नाही. काय दिलं असतं. कोण कुठल्या गटात हे ठरवायला नाणं कधी उडवलं असतं, आणि घड्याळ कधी सुरू केलं असतं. हे लिहून, सही करून, दुसऱ्याला देऊन ठेवते, म्हणजे नंतर आपलंच मन आपल्याला फसवायला नको. मग कागद उघडते. आणि "त्यामुळे" हा शब्द ती कुणालाही फुकट वापरू देत नाही. चहाच्या टेबलावर कुणी म्हणालं, रात्री जास्त खाल्लं त्यामुळे झोप आली नाही, की ही विचारणार, न खाता किती रात्री झोपलात? लोक वैतागत. मिंचेवांना मात्र तिच्या त्या छळण्यात एक वेगळीच माया दिसायची. ती माणसांवर चुकीचे आरोप होऊ देत नव्हती. मग तो आरोप रात्रीच्या जेवणावर का असेना.

तिची मोठी चाचणी त्यांना आठवली. दमलेल्या हृदयासाठीचं औषध, ज्यावर तिचा मनापासून विश्वास होता, कारण तिचे वडील त्याच दुखण्याने गेले होते आणि तेव्हा ते औषध नव्हतं. गावोगावच्या दवाखान्यांतून माणसं गोळा केली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कुणाला काय हे तिलाही ठाऊक नाही. वर्षं गेली. ज्या दिवशी लखोटा फोडायचा होता त्या दिवशी मिंचेव निवृत्त असूनही मुद्दाम गेले होते. तिच्या आईने केलेली बानित्सा टेबलावर होती, अजून गरम, चीजचा वास सुटलेला. तिने पानं उलटली. औषधाची रेष पोकळ गोळीच्या रेषेवर पडली होती, केस विंचरल्यासारखी; औषधाने काहीच फरक पडला नव्हता. तिने कागद बंद केला, खिशातून एक बी काढली, फोडली, आणि म्हणाली, "बरं झालं विचारलं." मग सगळ्यांना बानित्सा वाढली. स्वतःच्या वाट्याचा तुकडा खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खातच होती. मिंचेवांनी त्या दिवशी घरी येऊन आरशात स्वतःकडे पाहिलं. मला जमलं असतं का? हा प्रश्न तेव्हा हवेतला होता. आता तो बॅगेत होता, पावाच्या शेजारी.

स्वयंपाकघरात तिने कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता.

"सर, शून्याचा दिवस कुठला?"

"म्हणजे?"

"तुमच्या त्या अभ्यासात. घड्याळ कधी सुरू केलंत?"

"झटका आला त्या दिवशी. दोन्हीकडे तोच."

"आणि डोंगरात कधी जायचे?"

"पाचसहा आठवड्यांनी. कार्ड निघायचं, पाळी यायची. तुला काय माहीत तेव्हाच्या गमती, युनियनच्या अध्यक्षाचा मेव्हणा आधी, मग रुग्ण."

ती हसली. मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "मग त्या पाचसहा आठवड्यांत जो मेला, तो कुठल्या बाजूला?"

ते साखर ढवळत होते. चमचा थांबला. बाहेर अंगणात कुणीतरी गालिचा झोडपत होतं, त्याचा आवाज येत राहिला, धप, धप.

"न गेलेल्यांत," ते म्हणाले.

"हं," ती म्हणाली. एवढंच. तिने जिंकल्यासारखं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. चिडता आलं असतं. तिने खाली पाहिलं, टेबलावरच्या मेणकापडावरची फुलं. काही आठवड्यांनी कागद आले. वाट बघताना मेलेला प्रत्येक जण त्यांनी खालच्या रेषेवर टाकला होता. जिवंत राहण्याच्या परीक्षेत जे आधीच पास झाले होते, फक्त त्यांनाच पाण्यात बसवलं आणि शाबासकी पाण्याला दिली. झोर्नित्साने घड्याळ कार्डाच्या दिवसापासून सुरू केलं, कार्ड मिळालेले आणि तशाच तब्येतीचे पण न मिळालेले समोरासमोर ठेवले, आणि दोन रेषा एकमेकींवर पडल्या. मधली जागा मिटली. सोबत एका ओळीची चिठ्ठी: सर, हे तुमचेच कागद आहेत, तुमचं नाव माझ्या नावाबरोबर असावं असं मला वाटतं, तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजेन.

त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आज दुपारी ती विभागात हे वाचून दाखवणार होती.

समजा, गेला. पेन्यो वाल्चानोव पहिल्या पाळीला बॅग उचलून बसमध्ये बसतो, टोपी मांडीवर. बाल्कनीत मिरच्या मऊ पडतात, त्रेंदाफिला एकटी शिव्या घालत भाजते. डोंगरात धुकं. पेन्यो नव्या चपला घालून पाण्यात उतरतो, आह करतो, शेजारच्याला गोदामातला एक चावट किस्सा सांगतो, आणि बरणीचं झाकण पिरगाळायच्या त्याच सकाळी, पाण्यात...

समजा, नाही गेला. बरणी. झाकण.

समजा, गेला, आणि परत आला, मधाची बरणी घेऊन, आणि मिंचेवांनी त्याला वरच्या रेषेवर घेतलं. मग ती म्हातारी आज कुणाचा चेहरा चिकटवते? एका माणसाची दोन आयुष्यं कुणालाच दिसत नाहीत, झोर्नित्सा म्हणायची. एक दिसतं. दुसरं आपण मनाने लिहितो, आणि आपल्याला छळायचं असेल तर आपण ते फार सुंदर लिहितो. म्हणून माणसं गोळा करायची, पुष्कळ माणसं, म्हणजे आपल्या एकट्याच्या लिहिण्यावर भिस्त राहत नाही. बस पुलावर आली, खाली मारित्सा नदी रोडावलेली, गाळाच्या बेटांवर बगळे. पलीकडच्या तीरावरच्या प्रत्येक दारावर कुणी ना कुणी चिकटवलेलं. हे सबंध गाव आपले मेलेले दारावर ठेवतं, कुणाला विसरत नाही, आणि त्याच गावात बसून त्यांनी, मिंचेवांनी, वाट बघत मेलेल्यांना चुकीच्या दारावर चिकटवलं होतं.

हॉलच्या बाहेर राडुलोव उभा होता. बोगोमिल राडुलोव, आताचा विभागप्रमुख, एके काळी मिंचेवांची बॅग उचलणारा. त्याने दोन्ही हात पुढे केले.

"सर! कसे आहात? छान दिसताय. या, पहिल्या रांगेत." मग आवाज खाली आणला. "हे बघा, बाई हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण हुशारी एक आणि आदर एक. तुम्ही फक्त एक वाक्य बोला. त्या काळी पुष्कळ गोष्टी कागदावर लिहिलेल्या नसत, त्या आम्हाला ठाऊक होत्या. बस. बाकी मी बघतो. छापायला जाणारच नाही ते."

"आणि इमारत?"

"इमारतीचं दगडवाल्याला सांगून झालंय, सर."

वाक्य चांगलं होतं. खोटंही नव्हतं, खरोखरच पुष्कळ गोष्टी लिहिलेल्या नसत. मिंचेव पहिल्या रांगेत बसले आणि ते वाक्य त्यांनी तोंडात धरून ठेवलं, दात काढल्यावर कापूस धरतात तसं. झोर्नित्सा पुढे आली. तिचा कोटही तोच, खिसेही फुगलेले. तिला भीती वाटत होती, हे त्यांना तिच्या कानांवरून कळलं. परीक्षेतही तिचे कान लाल व्हायचे. पण आवाज सरळ होता. तिने दोन रेषा दाखवल्या, फाकलेल्या. मग शून्याचा दिवस म्हणजे काय ते सांगितलं, इतक्या सोप्या शब्दांत की मागच्या रांगेतल्या परिचारिका माना हलवू लागल्या. मग दुसऱ्या दोन रेषा, एकमेकींवर पडलेल्या.

"म्हणजे आमच्या सरांना मोजता येत नव्हतं म्हणायचं तुम्हाला?" मागून कुणीतरी म्हणालं. थोडं हसू फुटलं.

"उलट," झोर्नित्सा म्हणाली. "हे काम ज्यांनी केलं त्यांनी प्रत्येक माणसाच्या घरी जाऊन विचारलंय. कोण जगला, कोण कधी गेला. बर्फात, चालत. यात एकही माणूस हरवलेला नाही. म्हणून तर चूक सापडली. गलथान काम असतं तर आज आम्हाला काहीच सापडलं नसतं, ना बरोबर ना चूक. मला असं एक काम करता आलं, आणि मी गेल्यावर कुणी त्यात अशी चूक काढू शकलं, तर मी स्वतःला भाग्यवान समजेन."

ती हे सरांना खूश करायला बोलत नव्हती. तिला ते तसं बोलताच आलं नसतं. मिंचेवांना बर्फ आठवलं. रोदोपीच्या डोंगरांतल्या गावांतून ते स्वतः फिरले होते, गुडघाभर बर्फातून, दारं ठोठावत, आहेत का हो, आणि आतून कुणी म्हणायचं, आहेत, या, किंवा काहीच म्हणायचं नाही, फक्त दार उघडायचं. ती मेहनत त्यांना कधी आलेखात दिसली नव्हती. हिला दिसली होती. चूक काढतानाच दिसली होती.

"प्रोफेसर मिंचेव काही बोलतील," राडुलोव म्हणाला.

ते उठले. वाक्य तोंडात होतं. आधारासाठी समोरच्या कठड्यावर हात टेकवला तर तळवा किंचित चिकटला आणि सुटताना बारीक आवाज झाला; त्यांनाच ऐकू आला असेल.

"एक वाल्चानोव होता," ते म्हणाले. "तंबाखूच्या गोदामातला. कार्ड निघालेलं, बॅग भरलेली. पाळी यायच्या आधी मेला. मी त्याला न गेलेल्यांत धरलं." ते तिच्याकडे वळले. "तू?"

"गेलेल्यांत, सर. कार्ड निघालं त्या दिवसापासून तो जाणाराच."

"जाणाराच," मिंचेव म्हणाले. "बरोबर आहे. चपलासुद्धा घेतल्या होत्या त्याने." राडुलोव छताकडे बघत होता. "माझं नाव घाल त्यात. तुझ्या नंतर. म्हाताऱ्यांना पुढे बसवायची सवय मोडा आता. आणि बोगोमिल, त्या दगडवाल्याला फोन कर."

खाली बसताना त्यांना वाटलं होतं की काहीतरी रिकामं होईल. तसं झालं नाही. फक्त तहान लागली. बाहेर पडल्यावर झोर्नित्सा शेजारून चालत राहिली. मग खिशात हात घालून तिने मूठभर बिया काढल्या आणि त्यांच्या तळव्यावर ओतल्या. बिया चिकटल्या.

"हे काय लागलंय हाताला, सर?"

"खळ," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तुला कधी वाटतं का, की विचारलं नसतं तर बरं झालं असतं?"

तिने बी फोडली. "रोज," ती म्हणाली. "विचारायच्या आधी."

परतीच्या बसमधून ते एक थांबा आधी उतरले, कारण ती दिसली. त्रेंदाफिला थांब्याच्या काचेपाशी होती, हातात शेवटचा कागद. तळाशी राहिलेली खळ घट्ट झाली होती आणि ती ब्रशने खरवडून काढत होती.

"आता हात नका लावू," ती त्यांना पाहून म्हणाली. "एवढा एकच उरलाय."

"बाई, मिरच्यांचा काही संबंध नव्हता."

"काय?"

"मी मोजायला चुकलो होतो. एका बाईने आता नीट मोजलं. पाण्याला गेलेले आणि न गेलेले, सारखेच जगले, सारखेच गेले. पाण्याने काही होत नव्हतं."

"काहीच?"

"अंग शेकतं. झोप चांगली लागते."

ब्रश डब्यात उभा राहिला. "म्हणजे पहिल्या पाळीला गेला असता तरी..."

ती थांबली, वाट बघत. उरलेलं वाक्य त्यांनी पुरं करायचं होतं. दोन शब्द, गेलाच असता. किती सोपे. तिच्या चेहऱ्यावर त्यांच्यासाठी जागा तयार होती. पूर्वी वॉर्डात, पलंगाच्या पायथ्याशी, ते असेच दोन शब्द सहज देऊन टाकत. मिंचेवांना झोर्नित्साचे लाल कान दिसले.

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "एकट्या माणसाचं कुणालाच सांगता येत नाही. हजारांचं सांगता येतं."

"मला हजार कुठे होते, डॉक्टर? एकच होता."

"हो."

एक बस आली, थांबली, दारं उघडली, कुणी उतरलं नाही, गेली. काचेत त्या दोघांची प्रतिबिंबं आली आणि गेली.

"पण मी त्याला सांगितलं होतं ना," मिंचेव म्हणाले, "पाण्यात बसलेला माणूस शंभर वर्षं जगतो म्हणून. ते मला माहीत नव्हतं. माहीत असल्यासारखा बोललो. तुम्ही स्वतःवर जो आळ घेतलात तो माझ्या त्या वाक्यावर उभा आहे. ते वाक्य मी परत घेतो."

तिचा चेहरा एकदम लाल झाला, आणि तिने ब्रश त्यांच्या छातीवर रोखला. खळीचा एक थेंब त्यांच्या कोटावर पडला.

"आता? आता सांगताय? सकाळी तोंडात काय होतं? आणि मी या वयात काय करू त्याचं? मिरच्यांचा हंगाम संपला!"

तिला ओरडू द्यायचं, एवढंच त्यांना करता येण्यासारखं होतं. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत ते उभे राहिले. मग त्यांनी फक्त तेवढंच सांगितलं, जे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अजून आहेत. मंडईच्या मागच्या टोकाला. सकाळी पाहिल्या मी."

"चांगल्या?"

"बायका उलट्यासुलट्या करून बघत होत्या."

"मग नसणार चांगल्या," त्रेंदाफिला म्हणाली. तिने शेवटचा कागद काचेवर लावला, पेन्योची टोपी सरळ बसली का ते मागे सरून पाहिलं, आणि रिकामा डबा, आत ब्रश, डॉक्टरांच्या हातात दिला. "धरा हे," म्हणाली, आणि मंडईच्या रस्त्याला लागली.